पीटर लूगरकडे पहिल्यांदा जाताना

जर्सी सिटी, एडिसन, क्वीन्स या भागांत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून मला दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो: ब्रुकलिनच्या त्या जुन्या स्टेकहाउसमध्ये जायचं आहे, जायचं कसं, मागवायचं काय आणि पैसे किती न्यायचे? ते जुनं स्टेकहाउस म्हणजे विल्यम्सबर्ग भागातलं पीटर लूगर. स्टेक म्हणजे भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा. आतापर्यंत प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत आलो. यावेळी सगळं एकदाच नीट लिहून काढतो आहे, म्हणजे तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा चाचपडायला नको.

आधी ही जागा काय आहे ते जाणून घ्या

हे वगळून थेट ‘काय मागवू’ वर उडी मारू नका. तिथल्या बऱ्याच रीती आपल्याला विचित्र वाटतात, पण इतिहास कळला की त्यांचा अर्थ लागतो.

१८८७ साली हे दुकान उघडलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘कार्ल लूगर्स कॅफे, बिलियर्ड्स अँड बोलिंग ॲली’. पीटर लूगर मालक, आणि त्यांचा पुतण्या कार्ल स्वयंपाकघर बघायचा. विल्यम्सबर्ग तेव्हा जर्मन लोकांची मोठी वस्ती होती. काम संपलं की बिअर प्यायची, खेळायचं, भरपेट मांस खायचं, असा तो मोहल्ल्यातला अड्डा. १९०३ मध्ये शेजारीच विल्यम्सबर्ग पूल सुरू झाला आणि मॅनहॅटनची गिऱ्हाइकं नदी ओलांडून येऊ लागली. आजही आत गेलात तर उघडी लाकडी टेबलं, झिजलेली लाकडी जमीन आणि पितळी दिवे दिसतात. टेबलावर कापड नसतं. बिअर हॉलचा तो बाज त्यांनी मोडलेला नाही.

१९४१ मध्ये पीटर लूगर वारले, आणि पुढच्या काही वर्षांत धंदा उतरणीला लागून १९५० मध्ये जागा लिलावात निघाली. रस्त्याच्या पलीकडे सॉल फोरमन यांचा धातूच्या भेटवस्तूंचा कारखाना होता. गिऱ्हाइकांना जेवायला घेऊन ते वर्षानुवर्षं इथेच येत. ही जागा बंद झाली तर पाहुण्यांना न्यायचं कुठे, म्हणून त्यांनी ती विकतच घेतली. मांसाच्या व्यापाराची त्यांना काहीच माहिती नव्हती. मग त्यांच्या पत्नी मार्शा फोरमन यांनी ते काम अंगावर घेतलं. मांसाची प्रत ठरवणाऱ्या एका निवृत्त सरकारी परीक्षकाकडून त्या ते शिकल्या, आणि घाऊक बाजारात जाऊन स्वतः एकेक तुकडा पारखू लागल्या. त्या काळी त्या बाजारात बाई दिसणं ही नवलाईची गोष्ट होती. त्यांच्यानंतर मुली मॅरिलिन स्पिएरा आणि एमी रुबेनस्टाइन, आणि पुढे नात जोडी स्टॉर्च, असं हे काम घरातल्या बायकांकडेच राहिलं. बाजारात जायचं, रंग आणि चरबी बघायची, पसंत पडलेल्या तुकड्यावर आपला शिक्का मारायचा, बाकीचं सोडून द्यायचं.

माझं या जागेवर प्रेम आहे ते या गोष्टीमुळे. इथे खरी निवड तुम्ही टेबलावर बसण्याच्या कितीतरी आधी, बाजारात झालेली असते. म्हणून तुमच्यापुढे पर्याय थोडे असतात. पर्याय थोडे आहेत म्हणून नवख्या माणसाने घाबरू नये, त्याचं कामच त्यामुळे सोपं होतं. तुम्हाला ठरवायच्या गोष्टी मोजक्याच: किती जण खाणार, किती भाजायचं, आणि पैसे कसे देणार.

घरातच ठरवा, कोण काय खाणार

हे टेबलावर बसून ठरवू नका. सोबत कोण येणार आहे त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोला.

इथलं मुख्य अन्न बीफ आहे, आणि ते गोवंशाचंच. मुंबई-पुण्याच्या हॉटेलात ‘स्टेक’ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं असतं, कारण मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू या तिन्हींच्या कत्तलीवर बंदी आहे. इथे तसं नाही. त्यामुळे ‘पुण्यात खाल्लंय, इथे काय वेगळं असणार’ असं समजून येणाऱ्यांना मी हा फरक आधीच स्पष्ट सांगतो. ज्यांना चालतं त्यांनी आनंदाने खावं. ज्यांना चालत नाही त्यांच्यावर कुणी जबरदस्ती करू नये, आणि त्यांनीही आपल्यामुळे बेत मोडेल असं वाटून घेऊ नये. वसईचे किंवा गोव्याचे मित्र सोबत असतील तर त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. बीफ रोस्ट आणि चिली फ्राय त्यांनी घरी खाल्लेलं असतं.

बीफ नको असेल तर लँब चॉप मागवता येतात आणि मासाही मिळतो. लँब म्हणजे कोवळी मेंढी. आपल्या बोकडाच्या मटणाइतकी ती चिवट नसते, आणि वास थोडा वेगळा येतो.

शाकाहारी माणसाची सोय होते, पण ती विचारून करून घ्यावी लागते. टोमॅटो-कांद्याच्या जाड चकत्या, सायीत शिजवलेला पालक, बटाटे, पाव आणि गोड पदार्थ एवढं मिळतं. तरी तीन प्रश्न नक्की विचारा. बटाटे कशात तळले आहेत? पालकात मांसाचं पाणी किंवा चरबी आहे का? सॅलडवर काय घातलं आहे? अमेरिकेत सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बहुतेक वेळा अँचोव्ही नावाचा छोटा मासा असतो, आणि वूस्टरशायर सॉसमध्येही. ज्यांना मासाही वर्ज्य आहे त्यांनी टेबलावरच्या बाटलीतल्या सॉसबद्दलही विचारावं. बेकन म्हणजे डुकराचं मांस, तेव्हा सॅलडवर ते भुरभुरलेलं नाही ना, हे बघा.

माझी आई शुद्ध शाकाहारी. ती आमच्याबरोबर एकदा आली होती. पालक चाखून म्हणाली, “ही तर दाट पातळभाजीच, फक्त डाळ आणि दाणे राहिलेत.” आम्ही मांस खाल्लं, तिने पालक, टोमॅटो आणि शेवटी सफरचंदाचा स्ट्रूडल. मात्र तिच्या ताटासाठी वेगळा चमचा आम्ही आधीच मागून घेतला होता. तेवढं केलंत की सगळे एका टेबलावर निवांत बसतात.

जागा राखणं आणि वेळ निवडणं

जागा फोनवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून राखता येते. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ हवी असेल तर बरेच आठवडे आधी हात मारा. पहिल्या खेपेला मात्र मी दुपारच सुचवतो, तीही शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. गर्दी कमी असते, वेटरला दोन शब्द बोलायला वेळ असतो, आणि एवढं जड जेवण पचवायला अख्खी संध्याकाळ हाताशी राहते.

दुपारी जायचं आणखी एक कारण म्हणजे बर्गर. तो फक्त दुपारीच, पावणेचारच्या आत मिळतो. स्टेक कापताना आणि साफ करताना उरणाऱ्या चांगल्या मांसाचा तो खिमा. नवीन नोकरी, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, खिसा तंग अशा दिवसांत तुम्ही असाल तर सरळ बर्गर आणि बेकनचा एक तुकडा मागवा. त्या जागेचा अनुभव पुरेपूर मिळतो आणि खर्च स्टेकच्या मानाने फार कमी होतो. स्टेक पुढच्या वर्षी खा.

कपड्यांचं बंधन नाही. सूट घातलेली माणसं आणि टी-शर्टवाली कुटुंबं शेजारी शेजारी बसलेली असतात. थंडीच्या दिवसांत जाड कोट ठेवायला जागा लागते, एवढं ध्यानात ठेवा.

पैशांची तयारी

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे, म्हणून सावकाश वाचा.

ब्रुकलिनच्या पीटर लूगरमध्ये क्रेडिट कार्ड न घेण्याची जुनी रीत आहे. रोख पैसे चालतात, अमेरिकन बँकेचं डेबिट कार्ड चालतं, ओळखपत्रासह चेक चालतो आणि त्यांचं स्वतःचं खास कार्ड चालतं. भारतातून आलेल्या पाहुण्याचं क्रेडिट कार्ड इथे उपयोगाचं नाही. अशा रीती कधीही बदलू शकतात, म्हणून जागा राखतानाच ‘पैसे कसे घेता’ हे विचारून घ्या. नुकतेच आला असाल आणि इथलं बँक खाते अजून उघडलं नसेल, तर रोख रक्कम सोबत ठेवा किंवा ज्याचं खातं आहे अशा मित्राला बरोबर न्या.

किती न्यायचे? दारू न घेता दोघांनी स्टेक, थोडं बेकन, दोन जोडपदार्थ आणि एक गोड घेतलं तर कर आणि टीप धरून माणशी दीडशे ते पावणेदोनशे डॉलर, असा हिशेब मी मनाशी ठेवतो. पैसे उरले तर बरंच. चौघं मिळून गेलात तर माणशी खर्च खाली येतो, कारण चार माणसांना चौघांचा स्टेक लागत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

वाइन किंवा बिअर घ्यायची असेल तर वय २१ पूर्ण हवं आणि वयाचा पुरावा हवा. इथला वाहन परवाना नसेल तर पासपोर्ट खिशात ठेवा.

पोचायचं कसं

पत्ता १७८ ब्रॉडवे, ब्रुकलिन. मॅनहॅटनमध्येही ब्रॉडवे आहे, त्यामुळे फोनच्या नकाशावर ‘ब्रुकलिन’ लिहायला विसरू नका.

जर्सी सिटीहून पाथ गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटर गाठा, तिथून चालत फुल्टन स्ट्रीट स्थानक, आणि ब्रुकलिनच्या दिशेची सबवेची ‘जे’ (J) गाडी पकडून मार्सी ॲव्हेन्यू. एडिसनकरांनी आधी न्यू जर्सी ट्रान्झिटने न्यूअर्क पेन स्टेशनला यावं आणि तिथून पाथ धरावी. जॅक्सन हाइट्सहून कामाच्या दिवशी दिवसा ‘एम’ (M) गाडी थेट मार्सीला आणते, पण शनिवार-रविवारी ती तिथून सुटत नाही. गाडी मॅनहॅटन सोडून पुलावर चढते तेव्हा फोन खिशात ठेवा आणि खिडकीतून ईस्ट रिव्हर बघा. संध्याकाळच्या उन्हात हा प्रवास फार सुंदर असतो.

मार्सीला उतरलात की ब्रॉडवेवरून नदीच्या दिशेने चालू लागा. उजव्या हाताला चौकात जॉर्ज वॉशिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा लागतो, आणि पुढे १८७५ साली बांधलेल्या जुन्या विल्यम्सबर्ग सेव्हिंग्ज बँकेचा भला मोठा घुमट दिसतो. त्या घुमटासमोर पोचलात की तुम्ही पोचलात. वाटेत काळ्या कोटातली ज्यू कुटुंबं दिसतील. दक्षिण विल्यम्सबर्ग हे सातमार हसिदी या कर्मठ ज्यू पंथाचं मोठं केंद्र आहे. थोडा वेळ हाताशी असेल तर उत्तरेला नदीकाठी जुन्या डॉमिनो साखर कारखान्याच्या जागेवर केलेली बाग आहे. जेवणाआधी भूक लागायला तिथे फेरफटका मारणं चांगलं.

टेबलावर बसल्यावर

लांब पांढरा एप्रन आणि बो टाय लावलेला, बहुधा बऱ्याच वर्षांचा मुरलेला वेटर येईल. बोलणं तुटक आणि झटपट असेल. भारतातल्या महागड्या हॉटेलातली मधाळ लवून बोलायची पद्धत इथे नाही. ते तुमच्यावर चिडलेले नसतात. गोंधळलात तर सरळ सांगा, “आम्ही पहिल्यांदा आलोय, किती मागवू?” या प्रश्नाला मला आजवर प्रामाणिक उत्तर मिळालं आहे, आणि बऱ्याचदा ‘एवढं नको, कमी घ्या’ असंच मिळालं आहे.

पाव आधी येतो. त्यातला कांद्याचा पाव चवदार असतो, पण एकाच तुकड्यावर थांबा.

बेकन चकतीच्या हिशेबाने मागवता येतं. नाश्त्याच्या ताटातल्या पातळ कुरकुरीत पट्टीशी त्याचं नातं नाही. बोटभर जाडीची, बाहेरून करपत आलेली आणि आत रसाळ अशी ती चकती असते. दोघांत एक पुरते. डुकराचं मांस खाणाऱ्या प्रत्येकाला मी ती घ्यायला लावतो, कारण मला विचाराल तर स्टेकच्या खालोखाल इथली सर्वोत्तम गोष्ट तीच.

टोमॅटो-कांद्याच्या चकत्या आणि त्यावर त्यांचा आंबट-गोड तांबडा सॉस. वाचताना हे साधं वाटतं, पण पुढे येणाऱ्या लोणी-चरबीच्या जेवणात मधेमधे तोंड साफ करायला याचाच आधार असतो. आपण मटणाबरोबर कच्चा कांदा आणि लिंबू घेतो ना, तेच काम. उन्हाळ्याच्या शेवटी, टोमॅटोच्या हंगामात, हे जरूर मागवा. हिवाळ्यात नाही घेतलंत तरी चालेल.

जोडपदार्थांत जर्मन पद्धतीचे परतलेले बटाटे आणि पालक, एवढ्यावर थांबा. मूळच्या जर्मन मोहल्ल्याची खूण या बटाट्यांत अजून टिकून आहे. टोमॅटोवरचा तो तांबडा सॉस स्टेकवर मात्र ओतू नका. तो टोमॅटोसाठी आणि बेकनसाठी आहे.

पोर्टरहाउस, आणि किती भाजायचं

आता मुख्य गोष्ट. इथे ‘स्टेक फॉर टू’, ‘फॉर थ्री’, ‘फॉर फोर’ असं मागवतात. मेन्यूकार्ड न उघडता नुसतं ‘फॉर टू, मीडियम रेअर’ म्हणणारे जुने लोक शेजारच्या टेबलावर हमखास दिसतील. येतो तो पोर्टरहाउस. जनावराच्या पाठीच्या कण्यालगत, कमरेच्या भागातून काढलेला हा तुकडा, मधोमध इंग्रजी टी आकाराचं हाड. हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप, जरा दाताला लागणारी आणि चवीला भरदार. दुसऱ्या बाजूला फिले, म्हणजे आपल्याकडचे खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात ते लुसलुशीत मांस. अमेरिकन नियमानुसार फिलेची बाजू सव्वा इंच किंवा जास्त रुंद असेल तरच त्याला पोर्टरहाउस म्हणता येतं. त्याहून अरुंद पण अर्ध्या इंचापर्यंत असेल तर तो टी-बोन.

मांसाची प्रत ‘प्राइम’ असते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा परीक्षक बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधे घेतलेला छेद बघतो. मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा जितक्या जास्त आणि जनावर जितकं कोवळं, तितकी प्रत वरची. प्राइमच्या खाली चॉइस, त्याखाली सिलेक्ट. घराजवळच्या दुकानात तुम्हाला बहुधा चॉइस मिळतं.

ते मांस नंतर त्यांच्याच तळघरातल्या थंड खोलीत उघड्यावर मुरतं. याला ड्राय एजिंग म्हणतात. आपण बोंबील वाळवतो तसं हे नाही. इथे मीठही नसतं आणि ऊनही नसतं. आंबा अढीत स्वतःच्या आतल्या विकरांनी पिकतो, तसंच काहीसं घडतं: मांसातले विकर तंतू हळूहळू सैल करतात, पाणी उडतं, चव दाट होते. थंडी गोठणबिंदूच्या जरा वर असते, हवा खेळती असते. बाहेरचा थर कडक आणि काळपट होतो, तो कापून टाकावा लागतो. वजनातली ही घट आणि आठवड्यांचा वेळ, दोन्ही किमतीत धरलेलं असतं. पहिल्या घासाला शेंगदाण्यासारखा, किंचित जुन्या चीजसारखा वास आला तर मांस खराब झालंय असं समजू नका. तो मुरल्याचा वास आहे.

किती भाजायचं हे विचारतील तेव्हा उत्तर तयार ठेवा. रेअर म्हणजे आत सुमारे ५० अंश सेल्सिअस, थंडसर आणि लालभडक. मीडियम रेअर साधारण ५५, कोमट आणि लाल. मीडियम ६० च्या थोडं वर, गुलाबी. वेल डन ७० च्या पुढे, पूर्ण तपकिरी. ताटात दिसणारा लाल रस म्हणजे रक्त नव्हे. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. हे कळल्यावर माझ्या कितीतरी मित्रांची नजर बदलली.

आपण मटण तीन शिट्ट्या काढून शिजवणारे लोक, त्यामुळे गुलाबी मांस कच्चं वाटणं अगदी साहजिक आहे. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि तिथे प्रचंड आच लागते, म्हणून आतलं गुलाबी मांस लोक निर्धास्त खातात. तरी कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा अशी आहे. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी सोबत असेल तर त्यांच्यासाठी पूर्ण शिजवूनच मागवा. बर्गरचं गणित वेगळं आहे. खिमा करताना वरचे जंतू आत मिसळतात, म्हणून त्याला ७१ अंशांची शिफारस आहे.

माझा सल्ला: पहिल्या वेळी मीडियम मागा. मीडियम रेअरला सगळे डोक्यावर घेतात, पण पहिल्यांदाच लाल तुकडा समोर आला आणि घास फिरला तर एवढा खर्च आणि एवढी वाट बघणं वाया जातं. मीडियममध्येही हाडाजवळचे तुकडे लालसर राहतात. ते चाखून बघा, आवडले तर पुढच्या वेळी एक पायरी खाली उतरा. वेल डन मात्र शक्यतो टाळा. ज्या चरबीसाठी आणि मुरवण्यासाठी तुम्ही पैसे मोजता ती तेवढ्या आचेत निथळून जाते.

चौघं असाल आणि आवडी वेगळ्या असतील तर ‘फॉर फोर’ एक न मागवता ‘फॉर टू’ दोन मागवा, एक मीडियम रेअर आणि एक मीडियम. चौघांची आवड सारखी असेल आणि बेकन, बटाटे, पालक घेतलेच असतील तर ‘फॉर थ्री’ चौघांना पुरतो.

ताट आल्यावर

स्टेक वरून आच देणाऱ्या भट्टीत भाजतात, मग कापतात, हाडाभोवती परत रचून लोणी सोडतात आणि ताटासकट पुन्हा भट्टीखाली धरतात. त्यामुळे ताट चरचरत येतं. वेटर एक छोटी बशी उपडी टाकून ताट तिच्यावर तिरकं टेकवतो, म्हणजे लोणी आणि मांसाचा रस खालच्या टोकाला जमतो. मग दोन चमच्यांत पकडून प्रत्येकाला एक तुकडा स्ट्रिपचा, एक फिलेचा वाढतो आणि वरून तो रस घालतो. ताटाला हात लावू नका. खरोखर भाजतं.

पहिला तुकडा नुसता खा. मीठही नको, सॉसही नको. आधी स्ट्रिप, मग फिले. मग त्या रसात पाव बुडवून बघा. आपण ताटातला रस्सा भाकरीने पुसून घेतो तसं इथेही कुणी वावगं मानत नाही. एखादा तुकडा जास्त लाल वाटला तर परत पाठवायची घाई करू नका. ताटाच्या गरम कडेला तो अर्धा मिनिट टेकवा, समोर शिजतो. उलट, लाल आवडणाऱ्यांनी आपले तुकडे लगेच स्वतःच्या ताटलीत घ्यावेत, नाहीतर तेही शिजत राहतात.

या जागेबद्दल मतभेद आहेत, तेही सांगायला हवेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक पीट वेल्स यांनी तिला शून्य तारे दिले, आणि त्यावरून शहरभर वाद झाला. २०२२ मध्ये मिशलिन या उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा गेला. दुसऱ्या पारड्यात खाद्यक्षेत्रातले पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा २००२ सालचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान आहे. न्यूयॉर्कमध्ये आज याच्या तोडीचं किंवा सरस भाजलेलं मांस देणाऱ्या जागा आहेत, हे मला मान्य आहे. तरी नवख्या माणसाला मी आधी इथेच आणतो. स्टेकहाउस ही रीत कुठून आली, एखाद्या मोहल्ल्याने ती कशी धरून ठेवली आणि एका घराने ती कशी सांभाळली, हे इथे एका बैठकीत कळतं.

गोड, बिल आणि टीप

गोड पदार्थाबरोबर ‘श्लाग’ येईल. हीही जर्मन आठवण, घोटून फुलवलेली साय, जवळजवळ बिनसाखरेची. वाटीभर येते. सफरचंदाचा स्ट्रूडल एक घ्या, चौघांना पुरतो. बिलाबरोबर सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी येतात, ती मुलांसाठी खिशात टाका.

न्यूयॉर्क शहरातला विक्रीकर ८.८७५ टक्के आहे आणि तो बिलावर वेगळा लावतात. टीप ऐच्छिक म्हटली जाते, पण ती वेटरच्या कमाईचाच भाग आहे. टीप मिळते हे गृहीत धरून मालकाने थेट द्यायचा पगार कमी ठेवायला कायदा परवानगी देतो. त्यामुळे दोन डॉलर ठेवून उठणं हा त्या माणसावर अन्याय आहे. कराच्या रकमेची दुप्पट केलीत की पावणेअठरा टक्के होतात. त्यात थोडी भर घालून वीस टक्क्यांपर्यंत न्या. रोख पैसे देत असाल तर टीपसाठी सुटे वेगळे ठेवा, आणि मोठ्या गटात टीप आधीच बिलात धरली आहे का, ते तपासा.

उरलेलं घरी नेताना

काही ना काही उरतंच. बांधून मागायला संकोच करू नका, आणि हाडही मागा. तिथे बहुतेक जण मागतात.

शिजवलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. जर्सी सिटीकरांना हे सहज जमतं. एडिसनकरांनी जेवणानंतर नदीकाठी रेंगाळू नये, थेट गाडी पकडावी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, चामड्यासारखं होतं. गार असतानाच पातळ काप करा, तव्यावर थोडा कांदा आणि हिरवी मिरची परता, आच बंद करा आणि मग काप टाकून एकदाच हलवा. तव्याची ऊब त्यांना पुरते. वर लिंबू पिळा. हाडाचं सूप करायचं तर हाड, कांदा, आल्याचा तुकडा आणि आठ-दहा मिरी पाण्यात घालून मंद आचेवर तीन तास उकळत ठेवा, आणि गाळल्यावरच मीठ घाला, कारण हाडाला भाजतानाचं मीठ आधीच लागलेलं असतं.